जळगाव–भुसावळ फायबर आणि एका आकड्याची प्रतीक्षा

जळगाव ते भुसावळ या सुमारे 25 किलोमीटरच्या टप्प्यात आमची सगळी इंटरनेट वाहतूक भाड्याच्या फायबरच्या एकाच जोडीवरून जाते. दुसऱ्या जोडीचे भाडे परवडणारे नव्हते, त्यामुळे त्याच जोडीवर अनेक तरंगलांबी (प्रकाशाचे वेगवेगळे रंग, प्रत्येकावर स्वतंत्र वाहतूक) चालवायच्या, एवढे लगेच ठरले.

त्यासाठीच्या दोन पद्धतींची, म्हणजे विरळ तरंगलांबींच्या सीडब्ल्यूडीएमची आणि दाट तरंगलांबींच्या डीडब्ल्यूडीएमची, कागदावरची तुलनाही अवघड गेली नाही. पहिल्यात 1271 ते 1611 नॅनोमीटरपर्यंत 20 नॅनोमीटर अंतराने 18 चॅनेल बसतात; दुसऱ्याच्या 100 गिगाहर्ट्झ मांडणीत हे अंतर जेमतेम 0.8 नॅनोमीटर असते. लेझरची तरंगलांबी तापमानाच्या दर अंशामागे सुमारे 0.1 नॅनोमीटर सरकते, म्हणून डीडब्ल्यूडीएमच्या लेझरचे तापमान आतूनच स्थिर ठेवावे लागते. भुसावळच्या मे महिन्यात हा खर्च आणि विजेचा भार मला नको होता. वाटेत प्रकाशाची शक्ती वाढवणारा एर्बियम ॲम्प्लिफायर लावता येणे हा डीडब्ल्यूडीएमचा मोठा फायदा, पण 25 किलोमीटरला त्याची गरजच नाही.

घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. जी.652 या प्रमाणित प्रकारच्या जुन्या फायबरमध्ये काचेतील पाण्याच्या अंशामुळे 1383 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशाची घट वाढते, तर जी.652.डी या सुधारित प्रकारात ती आटोक्यात असते. म्हणजे सीडब्ल्यूडीएमचे त्या भागातले चॅनेल वापरता येतील की नाही, हे फायबरच्या प्रकारावर ठरणार होते. आमचे फायबर कोणत्या प्रकारचे आणि 1383 ला घट किती, एवढेच मी ज्यांचे फायबर आहे त्यांच्या कार्यालयाला लेखी विचारले. उत्तरादाखल 1310 आणि 1550 चा ओटीडीआर अहवाल (फायबरमध्ये प्रकाश सोडून घट मोजणाऱ्या यंत्राचा) आला. पुन्हा अर्ज केला, तर तोच अहवाल नव्या शिक्क्यासह आला. साहेब दौऱ्यावर, फाइल नाशिकला, "फायबर उत्तम आहे, तुम्ही निश्चिंत राहा" अशी उत्तरे ऐकताना माझा संयम सुटत होता, कारण तिकडे मक्स (अनेक तरंगलांबी एका फायबरमध्ये एकत्र करणारे उपकरण) पुरवणारा रोज दराची मुदत संपत आल्याचे बजावत होता. शेवटी मी अहवाल मागणे सोडून स्वतः मोजण्याची परवानगी मागितली आणि ती, आश्चर्य म्हणजे, तोंडी लगेच मिळाली. मात्र तोंडी परवानगीवर विसंबू नये. साधा ईमेल तरी घ्यावा.

एका टोकाला 1391 चे (1383 च्या सर्वांत जवळचे चॅनेल) आणि नंतर 1551 चे एसएफपी, म्हणजे त्या तरंगलांबीचा प्रकाश सोडणारे छोटे मॉड्यूल, लावून दुसऱ्या टोकाला पॉवर मीटरने मोजले. प्रत्येक एसएफपीची मूळ शक्ती आधी छोट्या पॅचकॉर्डवर (जोडणीच्या फायबर तारेवर) नोंदवून ठेवावी, नाहीतर दोन्हींची तुलना फसते. 1391 ची घट 1551 च्या मानाने इतकी जास्त निघाली की फायबर जुन्या प्रकारचे असल्याबद्दल शंका उरली नाही.

म्हणून त्या घटीपासून दूरचा, 1471 ते 1611 चा आठ चॅनेलचा सीडब्ल्यूडीएम मक्स घेतला. पुढे गरज पडल्यास 1531 आणि 1551 च्या पोर्टमधून डीडब्ल्यूडीएमचे चॅनेल सोडता येतात. त्यासाठी या पोर्टमधून तरंगलांबींचा किती रुंदीचा पट्टा जातो, तो आकडा खरेदीपूर्वीच पुरवठादाराकडून लिहून घ्यावा.