आमची वाटचाल : स्कार्फ विकण्यापासून तो नीट बसवून देण्यापर्यंत

सुरुवातीला आमच्याकडे एकच माल होता, ९० सेंटीमीटरचा चौकोनी स्कार्फ, ८ मॉमीच्या हबोटाई म्हणजे पातळ, साध्या विणीच्या रेशमाचा. रंग सुरेख आणि कापड हाताला मऊसूत, पण परत येणाऱ्या प्रत्येक नगाबरोबर तक्रार एकच असायची : गळ्यात राहत नाही, गाठ सुटते. त्या तक्रारीचा छडा लावता लावता आमचं काम आजच्या स्वरूपाला आलं. आता आम्ही स्कार्फ विकतो, तो कसा घालायचा हे सांगतो आणि जुना झाला की त्याचं दुसरं काहीतरी करूनही देतो.

मॉमी हे रेशमाच्या वजनाचं माप. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. म्हणजे आमचा तो पहिला स्कार्फ जेमतेम २८ ग्रॅमचा होता. साधी वीण, गुळगुळीत अंग आणि इतकं कमी वजन असलं की गाठ बारीक पडते आणि मान हलली की सैल होते. आम्ही १४ मॉमीच्या ट्विलवर आलो. वजन ४९ ग्रॅम झालं, पण फरक नुसता वजनाचा नव्हता. ट्विलच्या विणीत तिरक्या रेघा असतात आणि गाठीत त्या एकमेकींना धरून ठेवतात. शिवाय कापडाला अंग असल्याने घडी उभी राहते. साटीन दिसायला देखणं, पण वरून लांब धागे तरंगत असतात. अंगठीचा खडा किंवा कानातल्याचं टोक अडकलं की धागा ओढला जातो आणि तो पूर्ववत होत नाही. म्हणून साटीन आम्ही केसांसाठी आणि पर्ससाठी सुचवतो, गळ्यासाठी नाही.

कापड बदललं तरी निम्म्या तक्रारी उरल्याच. त्यांचं कारण घडीत होतं. बहुतेक जण स्कार्फची काठाला काठ लावून सरळ घडी घालतात. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने कापड ताणत नाही, त्यामुळे ती पट्टी मानेवर ताठ बसते आणि कडेला उघडते. घडी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेने हवी. स्कार्फ उलटा अंथरा, समोरासमोरचे दोन कोपरे मधोमध आणा. दोन्ही बाजूंच्या घड्या पुन्हा मध्यापर्यंत, आणखी एकदा मध्यापर्यंत, आणि शेवटी अर्ध्यात दुमडा. ९० च्या चौकोनाची ८ सेंटीमीटर रुंद आणि १२७ सेंटीमीटर लांब पट्टी होते. उरेब असल्याने ती किंचित ताणते आणि मानेच्या वळणाबरोबर वळते. या पट्टीला इस्त्री फिरवू नका, घड्यांमधली हवाच तिला गोलाई देते.

लांबीचा हिशेब कळला की कुठल्या मापाचा स्कार्फ कशाला, हे आपोआप सुटतं. मानेचा घेर ३७ सेंटीमीटर धरा. १२७ च्या पट्टीचे दोन वेढे दिले की दोन्ही टोकांना पंचवीसेक सेंटीमीटर उरतात. गाठ बसते आणि टोकं नीट पडतात. ७० च्या चौकोनाचा कर्ण ९९. त्यात एक वेढा आणि मोकळी टोकं, किंवा डोक्यावरून घेऊन मानेमागे गाठ. ५५ चा स्कार्फ गळ्याला घट्ट बांधायला, मनगटाला किंवा पोनीटेलला. त्याचे दोन वेढे देऊ पाहिलेत तर टोकं इतकी आखूड उरतात की गाठ पडतच नाही. कमरेला पट्ट्यासारखा बांधायचा तर ९० चा घ्या आणि बेल्टच्या लुपांमधून ओवून गाठ बाजूला घ्या. पाठीवर बांधायचा त्रिकोणी टॉपही ९० च्या मापात होतो, पण छातीचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असेल तरच. त्यापुढे मोठा चौकोन घ्यावा, ओढून बांधलेल्या रेशमात गाठीजवळचे धागे सरकून जाळी पडते.

अंगरख्यासारखा वापरण्यासाठी ११० च्या पुढचा चौकोन लागतो. मधोमध दुमडून आयत करा, दोन्ही आखूड बाजूंना वरच्या थराचा मोकळा कोपरा खालच्या थराच्या कोपऱ्याला बांधा. दोन मुंढे तयार होतात, त्यांतून हात घाला. गाठी आत राहतात आणि पाठीवर छान झोळ पडतो.

आता गाठ. उजवं टोक डाव्यावरून नेऊन आत घालायचं, मग तेच टोक, जे आता डावीकडे आलंय, उजव्यावरून न्यायचं. बरोबर पडली की गाठ चपटी दिसते आणि दोन्ही टोकं आडवी, पट्टीच्या ओळीत राहतात. दोन्ही वेळा एकाच बाजूने गुंडाळलं तर एक टोक वर आणि एक खाली तोंड करून उभं राहतं. तशी गाठ दिसली की ती सुटणार हे धरून चाला. आमच्या प्रत्येक डब्यात या गाठीचं चित्र असतं. डब्यात आम्ही टाचणी ठेवत नाही, कारण रेशमात टाचणीचं भोक कायमचं राहू शकतं. ब्रोच लावायचाच तर चुंबकाचा लावा.

पर्सच्या दांडीला गुंडाळायची पट्टी ही आमची सर्वाधिक जाणारी वस्तू. ४० सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर घेराच्या दांडीला ५ सेंटीमीटर रुंदीची पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत नेला तर १६ वेढे आणि सुमारे ७५ सेंटीमीटर कापड लागतं. दोन्ही टोकांच्या गाठी धरून ९० सेंटीमीटर लांबीची पट्टी पुरते. वेढे देताना दर तीन-चार वेढ्यांनी पट्टी सपाट करून घ्या, पीळ एकदा पडला की शेवटपर्यंत जातो.

पुढे लोक जुने, डाग पडलेले, कुठेतरी फाटलेले स्कार्फ घेऊन येऊ लागले. पहिलं काम म्हणजे रेशीम आहे की पॉलिस्टर ते पाहणं. काठाचा एक धागा काढून जाळला की रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. मधे भोक असेल तर चांगल्या भागातून केसांचा रबर होतो : १० बाय ५० सेंटीमीटरची पट्टी, आत १८ सेंटीमीटरचं इलॅस्टिक. उशीच्या अभ्र्यासाठी मागून पातळ सुती अस्तर लावतो, नाहीतर शिवणीला ताण आला की तिच्याकडेचे धागे सरकतात. सुई ६० किंवा ७० नंबरची, टाका २ मिलिमीटरचा, शिवताना कापडाखाली पातळ कागद, आणि दोरा रेशमी किंवा बारीक सुती. जाड पॉलिस्टर दोरा कालांतराने कापड कापतो. टाचण्या फक्त शिवणीबाहेर सोडलेल्या कडेच्या कापडात.

काठ मात्र आम्ही हातानेच गुंडाळतो. ९० च्या स्कार्फचा काठ ३६० सेंटीमीटर, दर ५ मिलिमीटरला टाका म्हणजे ७२० टाके. या मेहनतीमुळेच काठाला ती फुगीर गोलाई येते. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की काठावर इस्त्री दाबू नका. इस्त्री उलट्या बाजूने, किंचित ओलसर असताना, रेशमाच्या खुणेवर करा. धुताना पाणी थंड, साबण सौम्य, आणि पिळायचं अजिबात नाही, कारण भिजलेलं रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवत असतं. रंग सुटतो का हे आधी एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. अत्तर अंगावर सुकल्यावरच स्कार्फ घ्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम त्या रेघेवरच तुटतं, तेव्हा सुती कापडाबरोबर गुंडाळी करून ठेवा.

काही स्कार्फ मात्र आम्ही कापायला घेत नाही. कापड दोन हातांत धरून हलकेच ताणलं आणि घडीवर रेघ फाटू लागली, तर त्याला शिलाई सोसणार नाही. असा स्कार्फ सुती कापड चढवलेल्या फळीवर बारीक टाक्यांनी बसवून फ्रेम करतो. डिंक वापरत नाही, आणि काच कापडाला टेकू नये म्हणून मधे पट्टी घालतो. ती फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका.