वाढीव वीजबिल आणि दिवसाचे युनिट : माझा अनुभव

मे महिन्याच्या वीजबिलावर 244 युनिट वापर छापलेला होता आणि रक्कम नेहमीच्या दीडपटीहून अधिक होती. एप्रिलमध्ये रीडिंग घ्यायला कोणी आलेच नव्हते; त्या महिन्याचे बिल सरासरीने निघाले होते आणि ती रक्कम या बिलातून वजा केलेली होती. घरात नवे उपकरण आलेले नसल्यामुळे मी शाळेतली एकमान पद्धत वापरली. मागील रीडिंग 5 मार्चचे, चालू रीडिंग 5 मेचे, म्हणजे 61 दिवस; 244 भागिले 61, दिवसाला 4 युनिट. फेब्रुवारीच्या 28 दिवसांत 112 युनिट, म्हणजे तेव्हाही दिवसाला 4 युनिटच. वापर तसूभरही वाढलेला नव्हता.

चूक टप्प्यांत होती. महाराष्ट्रात घरगुती वापराच्या पहिल्या 100 युनिटांपेक्षा 101 ते 300 या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट असतो. दोन महिन्यांचे मिळून 200 युनिट कमी दराने आणि 44 चढ्या दराने आकारायला हवे होते. प्रत्यक्षात एकच महिना धरून 100 आणि 144 अशी विभागणी केली होती.

हा हिशेब दहा मिनिटांत झाला, पण तो कार्यालयात कोणाच्या गळी उतरवणे महाकठीण ठरले. खिडकीवर उत्तर मिळाले, “संगणकानं काढलेलं बिल आहे, उन्हाळ्यात वापर वाढतोच.” बिलिंग विभागात गेलो तर साहेब साइटवर गेलेले, पुढच्या खेपेस ते भेटले, तेव्हा “आधी बिल भरा, मग बघू” एवढेच म्हणाले. माझा संताप रकमेपेक्षा या गोष्टीचा होता की, बिलावर ठळक छापलेल्या त्या दोन तारखांकडे कोणी नजरही टाकत नव्हते. अखेरीस मी तोंडी सांगणे सोडले आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: दिवस, युनिट, दिवसाचे युनिट. मागील सहा बिले त्यात उतरवली. लेखा विभागातील एका बाईंनी तिसऱ्या रकान्यावरून पेन खाली नेले, मे महिन्याच्या ओळीतील 61 या आकड्याला गोल केला आणि म्हणाल्या, “अहो, हे तर दोन महिन्यांचं आहे!” दुरुस्त बिल त्याच दुपारी निघाले.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा. “आधी भरा” असे सांगितले गेल्यास वीज कायदा 2003 मधील कलम 56 दाखवावे: मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. मात्र दिवसाचे युनिटच अचानक वाढलेले दिसले, तर टप्प्यांचा वाद न घालता मीटर तपासणीचा अर्ज करावा.