लाव्हाचे कॅमिओ ओळखायला शिकले, माझा अनुभव

आमची आजी कुठलाही दागिना हातात आला की आधी उलटा करून पाठ बघायची, पुढची बाजू नंतर. मला लहानपणी ते विचित्र वाटायचं. लंडनला राहायला आल्यावर जुन्या ब्रोचचा नाद लागला आणि तेव्हा पहिल्याच खरेदीत मी नेमकं तेच विसरले.

ऑनलाइन घेतला होता, ६० पौंडांना, "जुना लाव्हा कॅमिओ" म्हणून. कॅमिओ म्हणजे दगडात किंवा शिंपल्यात उठावदार कोरलेलं चित्र, बहुतेक वेळा चेहरा. राखाडी रंग, केसांत द्राक्षं माळलेली बाई, म्हणजे बॅकान्टे, बॅकस या मद्याच्या देवाची भक्तीण. महिनाभर हौसेने कोटावर लावला. मग एक दिवस दुसऱ्याच विक्रेत्याकडे अगदी तोच चेहरा दिसला, तीच द्राक्षं, आणि कानाजवळच्या बटेवर तोच बारीक टवका. हाताने कोरलेल्या दोन वस्तूंत टवकासुद्धा सारखा कसा असेल! घरी येऊन भिंगाखाली धरला तर हनुवटीखाली हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं आणि कडेने साच्याची रेघ. रेझिन होतं, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लॅस्टिकसारखं द्रव्य. खूप वाईट वाटलं, पण त्या दिवसापासून दहापट मोठं दाखवणारं भिंग पर्समध्ये असतंच.

मग वाचत सुटले. इटलीत व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराचं उत्खनन १७४८ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर जवळच्या नेपल्सला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांची रीघच लागली, त्यांना घरी न्यायला व्हेसुव्हिअसची आठवण हवी असायची म्हणून तिथले कारागीर हे कॅमिओ कोरून विकायचे, एकोणिसाव्या शतकात तर व्हिक्टोरियन बायकांमध्ये त्याची फॅशनच होती. गंमत म्हणजे ज्याला लाव्हा म्हणतात तो बहुतेक वेळा खरा लाव्हा नसतोच, व्हेसुव्हिअसच्या परिसरातला मऊ चुनखडीसारखा दगड असतो. मऊ म्हणूनच एवढं खोल कोरता येतं, शिंपल्याच्या कॅमिओत चेहरा बसका असतो, इथे नाक चांगलं बाहेर येतं, आणि म्हणून सगळ्यात आधी तुटतंही नाकच. रंग राखाडी, मातकट, पांढरट, शेवाळी, विटकरी, काळपट असे सगळे मिळतात. चुनखडीवर ॲसिडचा थेंब टाकला की फेस येतो, पण कृपा करून जुन्या वस्तूवर हे करू नका, व्हिनेगरसुद्धा नको, डाग कायमचा राहतो. रेझिन आहे का हे बघायला तापलेली सुईही टोचू नका. दगड ओठाला थंड लागतो आणि भिंगात छिन्नीच्या रेघा दिसतात, तेवढं पुरतं. मी साफसुद्धा फक्त कोरड्या मऊ ब्रशने करते.

आणि मग पाठ. ब्रोचची पिन नुसत्या सी आकाराच्या हुकात अडकत असेल आणि तिचं टोक कडेच्या बाहेर येत असेल तर जुनं असण्याची शक्यता जास्त, फिरवून बंद होणारं सेफ्टी लॉक असेल तर ते विसाव्या शतकातलं, अर्थात पिन नंतरही बदललेली असू शकते म्हणून पिन जोडताना दिलेल्या डागाच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, खुणा बघायच्या.

चेहरे ओळखणं मला सगळ्यात आवडतं. हेल्मेट असेल तर मिनर्व्हा, टोपीला पंख असतील तर मर्क्युरी, कपाळावर चंद्रकोर असेल तर डायना.

गेल्या हिवाळ्यात लंडनच्या पोर्टोबेलो बाजारात एक ब्रेसलेट हाती लागलं, लाव्हात कोरलेल्या चेहऱ्यांचे सात तुकडे, सातही वेगळ्या रंगांचे, मुलामा दिलेल्या धातूत बसवलेले. आधी उलटं केलं, पाठीचा मुलामा घासून गेलेला, बिजागऱ्या सगळ्या एका घडणीच्या. आजोबांच्या वयाचे विक्रेते होते, ते स्वतःच म्हणाले की दाढीवाल्याचं नाक तुटलंय, म्हणून किंमत कमी करतो. २२० पौंडांना घेतलं.

रात्री दिव्याखाली भिंग लावून त्या नाकाकडे किती वेळ बघत बसले कोण जाणे. तुटलेल्या जागी दगड खडबडीत आणि फिका दिसतो, इथे तर छिन्नीच्या बारीक रेघा गालावरून सरळ नाकावर चढल्या होत्या, रंगही तोच. नाक तुटलेलं नव्हतंच, बसकं कोरलेलं होतं. दाढी, टक्कल आणि बसकं नाक, म्हणजे सॉक्रेटिस! दुसऱ्याच शनिवारी ब्रेसलेट आणि भिंग घेऊन परत गेले, त्या काकांनाही दाखवलं, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि हसून माझ्या हातात ते स्वतःच बांधून दिलं.