टोचणार आहे, असं सांगून टाका

परवा आमच्या सोसायटीच्या गेटवर एक आई तिच्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाला सांगत होती, चल घरी, नाहीतर डॉक्टरकाकांकडे नेईन हां, ते मोठ्ठं इंजेक्शन देतील. ओळख नव्हती म्हणून मी काही बोलले नाही, पण वर येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीसुद्धा हेच म्हणायचे. जेवली नाही की डॉक्टर, झोपली नाही की डॉक्टर. आणि मग एक दिवस खरंच त्याच डॉक्टरांच्या हातात पोरीला द्यायची वेळ आली.

चिऊ तेव्हा चार वर्षांची होती. सकाळी उठली की डोळे सुजलेले असायचे आणि दुपारपर्यंत उतरायचे, आधी वाटलं डास चावला असेल, मग कोणी म्हणालं अ‍ॅलर्जी, आठवडाभर अ‍ॅलर्जीचं औषध दिलं. मग पाय सुजले, सँडलचा पट्टा लागेना, चड्डीच्या इलॅस्टिकचे वळ पोटावर उठायला लागले, शूला फेस यायला लागला. लघवी तपासली तर प्रोटीन फोर प्लस, म्हणजे खूपच जास्त. नेफ्रोटिक सिंड्रोम, किडनीचा आजार. त्याच संध्याकाळी अ‍ॅडमिट. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून मी तिला सांगत होते, काही नाही गं, डॉक्टर फक्त बघणार आहेत, लगेच घरी येऊ.

पुढचं अजून आठवलं की पोटात गोळा येतो. हातपाय इतके सुजलेले की शीर सापडेना, मला बाहेर थांबायला सांगितलं, आत चौघांनी तिला धरलं आणि सलाईन लावलं. दाराबाहेर मी उभी, आत ती आई आई करतेय. बाहेर आणली तेव्हा ती रडत नव्हती, ते बघून मी जास्त घाबरले. हाताला लाकडी पट्टी, वर बँडेज, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, तू खोटं बोललीस. चार वर्षांचं पोर. त्यानंतर दोन दिवस तिने माझ्या हातून औषध घेतलं नाही, बाबाच्या हातून घेतलं.

छातीत पण थोडं पाणी झालं होतं म्हणून पहिली रात्र आयसीयूत ठेवली. तिथला नियम म्हणजे सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एकालाच आत. इन्फेक्शनचं कारण मला कळतं, आत बाकीची लेकरं किती आजारी असतात तेही बघितलं, पण आई आली की रडते म्हणून तुम्ही येऊच नका, असं जे एका जणाने सांगितलं ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आता तर अजिबातच पटत नाही. मी नंतर याबद्दल बरंच वाचलं. इंग्लंडमध्ये पूर्वी मुलांच्या वॉर्डात आईबापांना आठवड्यातून एखाद दिवस तेवढं भेटू देणारी हॉस्पिटलं होती, समज हाच, की आई गेली की मूल शांत होतं. मग १९५९ साली तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीचा रिपोर्ट आला, अध्यक्ष होते सर हॅरी प्लॅट, ते स्वतः हाडांचे सर्जन. त्यात सरळ म्हटलं होतं की पालकांना कधीही भेटू द्या आणि लहान मुलाबरोबर आईला राहू द्या. शांत झालेलं मूल बरं वाटतंय म्हणून शांत नसतं, त्याने आशा सोडलेली असते, हे तेव्हा बालमानसतज्ज्ञ जीव तोडून सांगत होते. ते वाचताना मला चिऊचा तो न रडणारा चेहराच दिसला.

दुसरी अ‍ॅडमिशन चार महिन्यांनी. रिलॅप्स, म्हणजे आजार उलटला, वर ताप आणि पोटात दुखत होतं, या आजारात पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन होऊ शकतं म्हणून शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं ठरलं. हे हॉस्पिटल वेगळं होतं, ठाण्यातलंच. तिथे एक सिस्टर होत्या, केरळच्या, मराठी मोडकंतोडकं पण पोरांशी बोलताना कुठेच अडायचं नाही. त्या आल्या तेव्हा हातात ट्रे नव्हता, नुसत्याच येऊन कॉटवर बसल्या, चिऊच्या कापडी बाहुलीला हात लावायच्या आधी चिऊची परवानगी घेतली आणि विचारलं, हिचं नाव काय, हिला पण ताप आहे का. मग खिशातून एक नवीन इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालतात ती सुई-नळी, काढला आणि बाहुलीच्या हातात घालून दाखवला. सुई आत गेली, मग सुई बाहेर काढली, ती चिऊला नीट बघू दिली, आणि आत राहिलेली ती बारीक प्लास्टिकची नळी बोटाने वाकवून दाखवली. बघ, मऊ आहे, नूडलसारखी. सुई गेली डब्यात.

मी थक्क. कारण मला स्वतःलाच वाटत होतं की हाताला बँडेज असतं तोवर आत सुई असते! माझ्यासारखी मोठी बाई पहिल्या वेळी सहा दिवस हाच विचार करत होती की पोरीच्या हातात सुई आहे, हलली तर मोडेल. मग त्या पोरीला काय वाटलं असेल, ती तर सहा दिवस हात दगडासारखा ठेवून झोपली होती.

मग सिस्टर म्हणाल्या, टोचणार आहे, खोटं नाही सांगत, पण मुंगी चावते तेवढा वेळ, तू दहा म्हणेपर्यंत संपलं. हात कुठला देते? चिऊने डावा दिला, कारण चित्र उजव्या हाताने काढते. सुई लावायची की नाही हे तिला ठरवता येणार नव्हतं, पण कुठल्या हाताला हे तिने ठरवलं. दोन्ही हातांवर बधिर करणारं क्रीम तासभर आधीच लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवली होती, लिडोकेन आणि प्रिलोकेनचं असतं ते. लावल्या लावल्या टोचलं तर काही उपयोग होत नाही, एक तास लागतोच, त्यामुळे इमर्जन्सीत जमत नाही. पण ठरवून रक्त काढायचं असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा, आपल्याकडे न विचारता क्वचितच कोणी सांगतं. आणि तिला आडवं पाडलं नाही. मी खुर्चीत, ती माझ्या मांडीवर माझ्याकडे तोंड करून छातीला चिकटलेली, पाय माझ्या कमरेभोवती, आणि डावा हात माझ्या काखेखालून मागे काढलेला, सिस्टर मागच्या बाजूला. म्हणजे मी तिला धरलंच होतं की, पण तिच्यासाठी ती मिठी होती. सिस्टरने सांगितलं, रडलीस तरी चालेल, ओरड हवं तर, तुझं काम एकच, हात स्टॅच्यू. ती रडली. चांगली मोठ्याने रडली. पण हात हलला नाही, आणि आठ म्हणेपर्यंत झालंसुद्धा. वर आमच्याकडे बघून म्हणते, झालं पण?

शूर मुलं रडत नाहीत, हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या घरात बंद आहे. आजीला पण सांगून ठेवलंय.

नंतर कळलं की परदेशात हे कामच करणारी माणसं असतात, त्यांना चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. ते डॉक्टर नाहीत की नर्स नाहीत, मुलाला काय होणार ते त्याच्या भाषेत सांगणं, खेळातून दाखवणं, सुई लावताना सोबत बसणं, भावंडांशी बोलणं, हेच त्यांचं काम. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये एमा प्लँक नावाच्या बाईंनी असा विभाग सुरू केला होता, मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या. आपल्याकडे अशी पोस्ट सहसा नसते, जे काही होतं ते एखाद्या सिस्टरच्या, एखाद्या मावशीच्या चांगुलपणावर होतं. त्या सिस्टरची ड्युटी बदलली की संपलं. म्हणून मला वाटतं की हे आपण आईबापांनीच शिकून घ्यायला हवं.

सांगायचं कधी, यावर आमच्या घरात बरेच वाद झाले. चार वर्षांच्या पोराला आठवडाभर आधी सांगून काही उपयोग नाही, आठवडाभर घाबरत बसतं, एक-दोन दिवस आधी पुरे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र आठवडाभर आधी सांगितलं तर बरं, त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. आणि सांगायचं म्हणजे काय होणार त्यापेक्षा तुला काय दिसेल, काय वाटेल ते सांगायचं. सोनोग्राफीला पोटावर गार गार जेल लावतात. बीपीचा पट्टा हाताला घट्ट मिठी मारतो आणि सोडतो. स्पिरिटला वास येतो. किडनीचं तर मी चहाच्या गाळणीवर समजावलं, आपल्या पोटात मागच्या बाजूला दोन गाळण्या आहेत, तुझ्या गाळणीची भोकं जरा मोठी झालीत म्हणून चांगलं प्रोटीन शूमधून वाहून जातं आणि अंगात पाणी साठतं, गोळ्यांनी भोकं परत लहान होतात. आता घरी चहा गाळताना ती डोकावून बघते आणि म्हणते, हिची बरोबर आहेत.

मोठ्याचं तर राहिलंच. दादा तेव्हा नऊ वर्षांचा, त्याला आम्ही आजीकडे ठेवलं होतं नौपाड्यात, आणि खरं सांगायचं तर पंधरा दिवस आम्ही त्याला गृहीतच धरलं. शहाणा आहे, काही त्रास देत नाही. एकदा रिक्षात तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबलो होतो तेव्हा बाहेर बघत बघत त्याने विचारलं, आई, ढकललं तर किडनी खराब होते का. चिऊ आजारी पडायच्या दोन दिवस आधी रिमोटवरून भांडण झालं होतं, याने ढकलली होती आणि ती टीपॉयवर कमरेत आपटली होती. पंधरा दिवस हे ओझं घेऊन पोरगं शाळेत जात होतं, जेवत होतं, आजीबरोबर हरिपाठ म्हणत होतं. मी त्याला तिथेच जवळ घेतलं, सांगितलं की तुझ्यामुळे नाही, तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे पण नाही. भावंडांना हमखास असं वाटतं, आजारी मुलालाही वाटतं की आपण काहीतरी चूक केली म्हणून ही शिक्षा, त्यामुळे विचारायची वाट बघू नका, आधीच सांगून टाका. नंतर आम्ही दादाला हॉस्पिटलमध्ये नेलं, वॉर्डात लहान मुलांना सोडत नव्हते म्हणून खाली लॉबीत, दोघं काचेपाशी बसून बिस्किट खात होती.

घरी आल्यावर सगळं संपतं असं नसतं. ती रात्री दचकून उठायची, गादी ओली करायला लागली, मी बाथरूमला गेले तरी दाराशी उभी. आणि दिवसभर इंजेक्शन. आजीला, दादाला, भाजीवाल्या काकांना, सगळ्यांना. नातेवाईक म्हणाले हे काय खूळ, बंद करा, पण मी करू दिलं, आत साठलेलं ती असंच बाहेर काढत होती. आजी बिचारी दुपारची झोप सोडून हात पुढे करून बसायची. महिन्या-दीड महिन्यात आपोआप कमी झालं.

बाबांबद्दल पण लिहायचंय. मुलांच्या वॉर्डात रात्री एकच अटेंडंट, तोही बाईच, त्यामुळे बाबा म्हणजे डिपॉझिट, टीपीए म्हणजे विम्याची कागदपत्रं, मेडिकल, आणि खाली कँटीनमध्ये बसून राहणं. नवऱ्याने खूप नंतर सांगितलं की त्याला त्या दिवसांत आपण कोणीच नाही असं वाटायचं. दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं की संध्याकाळी सहा ते आठ बाबाच, मी बाहेर चक्कर मारून यायचे, आणि तो रोज त्याच एका हत्तीची गोष्ट सांगायचा. मुलांना हॉस्पिटलमध्ये नवीन काही नको असतं, तीच चादर, तोच पेला, तीच गोष्ट हवी असते.

आमच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा भाचा विदर्भातून खारघरला येतो, टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात, ब्लड कॅन्सर आहे, ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षांची. ते सेंट ज्यूडच्या सेंटरमध्ये राहतात, २००६ पासून ही संस्था बाहेरगावच्या कॅन्सरच्या मुलांना आईबापांसकट फुकट राहायला देते, प्रत्येक कुटुंबाला खोली आणि स्वयंपाक सगळ्यांचा एकाच किचनमध्ये, आपापल्या शेगडीवर. त्याची आई म्हणाली, औषधाइतकाच त्या किचनचा आधार आहे, शेजारची बाई काही न विचारता आपल्या पोराचं पण कुकरमध्ये लावते. त्यांच्यापुढे आमचा आजार काहीच नाही, पण हे ऐकून मला आमच्या वॉर्डातल्या शहापूरच्या आईची आठवण झाली, तिने मला रात्री दोन वाजता मिठाशिवायच्या खिचडीत लिंबू पिळायला शिकवलं होतं.

चिऊच्या गोळ्या स्टिरॉइडच्या, त्याबद्दल फोन करून घाबरवणाऱ्यांना एकच सांगते, बहुतेक मुलांना याच गोळ्यांनी गुण येतो. पहिल्या वेळी सहा आठवडे रोज आणि मग सहा आठवडे एक दिवसाआड, मनाने मध्येच बंद करायच्या नाहीत. गाल फुगतात, भूक भूक होते, चिडचिड होते, ते गोळी कमी झाली की उतरतं. पोरीसमोर तिच्या गालांबद्दल बोलू नका एवढंच.

आता रोज सकाळी पहिली शू डब्यात, त्यात स्ट्रिप बुडवायची आणि बाटलीवरच्या रंगांशी लावून बघायची. पिवळी म्हणजे प्रोटीन नाही, हिरवी व्हायला लागली की आहे. वहीत तारीख घालून लिहायचं, सलग तीन दिवस थ्री प्लस आलं तर डॉक्टरांना फोन. रंग आता चिऊच सांगते, मी नुसतं लिहिते. परवापासून तिला सर्दी आहे, आणि सर्दीनंतरच आमचं बिघडतं, काल ट्रेस, म्हणजे अगदी किंचित, होतं, आज वन प्लस आलं. तिने विचारलं, परत जावं लागेल का. मी म्हटलं, माहीत नाही गं, कदाचित. ती जराशी थांबली, मग म्हणाली, टोचतील? म्हटलं, गेलो तर टोचतील. मग तिने बाहुली आणून दाराजवळच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, ह्या वेळी उजवा देईन, डावा दमलाय.