ड्रेन बोल्टचा वॉशर: बदलायचा तर दर वेळी, पण मिळवायचा कुठून?

ऑइल बदलताना ड्रेन बोल्टखालचा, म्हणजे जुनं ऑइल सोडायला इंजिनाच्या तळाचा जो बोल्ट काढतात त्याच्याखालचा, वॉशर बदलायचाच, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. काही रुपयांची ही चकती विकत घ्यायला निघालं की माणसाला वेड्यात काढतात.

माझी दुचाकी दीडशे सीसीची. गोव्यात डिचोलीला घरीच ऑइल बदलतो. इंजिन थोडं गरम करा, १७ नंबरचा पाना लावा, ऑइल ट्रेमध्ये सोडा, त्यात अवघड काही नाही. अडलं ते स्पेअर पार्टच्या काउंटरवर, तेही कंपनीच्या अधिकृत दुकानात.

"काका, तो कोणी बदलत नाही. गळायला लागलं तर बघा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. गळेपर्यंत थांबायचं? ड्रेन बोल्ट इंजिनाच्या तळाला, मागच्या चाकाच्या पुढ्यात असतो. तिथून झिरपलेलं ऑइल वाऱ्याने मागच्या टायरवर जातं. पहिल्या पावसात, रस्त्यावर तांबडा चिखल आलेला असताना, चोर्ला घाटाच्या वळणावर असा टायर घेऊन जायचं आणि मग बघायचं? त्याला हे सांगितलं. त्याने पार्ट नंबर मागितला.

कॅटलॉगमधून नंबर काढून पुन्हा गेलो. वॉशरला स्वतंत्र नंबर आहे, बोल्टचा वेगळा. तरी उत्तर आलं की बोल्टसकटच घ्यावा लागेल. मी हटलो नाही, तेव्हा ऑर्डर लिहून घेतली, फोन नंबर घेतला. फोन काही आला नाही. मीच चौकशीला गेलो तर ऑर्डरची वही दुसऱ्या माणसाकडे, आणि तो जेवायला गेलेला. आत वर्कशॉपमध्ये विचारलं, तुम्ही सर्व्हिसिंग करताना काय करता? "जुनाच लावतो, जरा जास्त आवळतो." हे ऐकून डोकं फिरलं, कारण खरं नुकसान त्या 'जरा जास्त'मध्येच आहे.

वॉशर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, तो मऊ असावा म्हणूनच. बोल्ट आवळला की तो चेपतो आणि बोल्टचं डोकं नि चेंबर (इंजिनाचा ऑइल साठतं तो तळाचा भाग) यांच्यातले बारीक ओरखडे, खाचा भरून काढतो. एकदा चेपला की धातू कडक होतो. पुढच्या वेळी तोच लावला तर तसाच बसेल याची खात्री नाही, मग मेकॅनिक जोर लावतो. बोल्ट पोलादी, चेंबर अॅल्युमिनियमचं. आटे जातात ते चेंबरचे. मग नवे आटे पाडा, हेलिकॉइल, म्हणजे तारेचे तयार आटे, बसवा, नाहीतर चेंबरच बदला. एवढा खर्च कशापायी, तर चकती वाचवली म्हणून!

जुना वॉशर लावला की लगेच गळेलच असं नाही, पुष्कळदा निभावतं. पण नवा इतका स्वस्त असताना निभावून न्यायचं कशाला?

शेवटी वॉशर मिळाला तो डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात. आमच्या भागात खाणीचे ट्रक, तिकडे मालिमच्या जेटीवर ट्रॉलर. डिझेल इंजिनाच्या पाइपांना बँजो बोल्ट, म्हणजे आतून डिझेल वाहणारे पोकळ बोल्ट, असतात आणि त्यांना तांब्याचे वॉशर लागतात, म्हणून या दुकानांत सगळ्या मापांचे डबेच्या डबे असतात. दुकानदाराने बोल्ट हातात घेतला, आटे मोजले, १२ मिलिमीटरचा वॉशर घालून दाखवला आणि "बाब, दहा घेऊन ठेवा" म्हणाला. किती हायसं वाटलं! सोबत बोल्ट न्याच. भोकाचं माप जुळून भागत नाही, जाडी आणि बाहेरचा घेरही मूळ वॉशरसारखाच हवा.

हो, एक राहिलं. जुना वॉशर कधीकधी चेंबरलाच चिकटून राहतो. बोट फिरवून बघा, नाहीतर नवा त्याच्यावर बसतो, दोन वॉशर होतात आणि गळती सुरू होते.

जुना तांब्याचा वॉशर लालभडक तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. ही युक्ती अॅल्युमिनियमवर करू नका. ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी डोळ्याला लाल दिसत नाही. काही गाड्यांना वॉशरऐवजी रबरी ओ-रिंग असते, तिथे तीच बदलायची. सिलिकॉन आणि टेफ्लॉन टेप लावणाऱ्यांचं ऐकू नका. टेपचे तुकडे आत गेले तर ऑइलची वाट अडवतात.

आवळायचं मॅन्युअल बघून. पिळायचा जोर, म्हणजे टॉर्क, १२ मिलिमीटरच्या बोल्टला पुष्कळ गाड्यांत साधारण २० ते ३० न्यूटन मीटर असतो. हा जोर मोजणारा पाना, टॉर्क रेंच, नसेल तर लांब दांड्याचा पाना वापरू नका, हात नकळत जोर करतो. मग नवं ऑइल भरा, सगळं कोरडं पुसा, गाडी थोडी फिरवून आणा आणि बोल्टखाली पांढरा कागद ठेवून रात्रभर उभी करा. सकाळी कागदावर डाग नसला की काम झालं.