दोन सिस्टीमच्या मध्ये तिसरी कशाला?

मी मिडलवेअरमध्ये, म्हणजे दोन ॲप्लिकेशनच्या मध्ये राहून त्यांचे मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: दोन ॲप्लिकेशन थेट बोलू शकतात, मग मध्ये तुमची लुडबुड कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

दोनच असतील तर खरंच नको. सरळ एपीआय कॉल करा, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला थेट विचारा, नि मोकळे व्हा. पण दहा सिस्टीमना एकमेकींशी थेट जोडायचं तर 45 जोड्या सांभाळाव्या लागतात; मध्ये मिडलवेअर असलं तर प्रत्येकीची त्याच्याशी एक, अशा दहाच. अर्थात, माझ्या लेखी हे कारण दुय्यमच.

खरं कारण म्हणजे समोरची सिस्टीम कधी ना कधी बंद असते. विक्रीकडून ऑर्डर निघाली आणि अकाउंट्सचा सर्व्हर डाउन असला, तर थेट जोडणीत विक्रीही खोळंबते. मध्ये क्यू, म्हणजे मेसेजची रांग, असली की मेसेज डिस्कवर लिहिला जातो, विक्रीवाले पुढच्या कामाला लागतात आणि अकाउंट्स सुरू झालं की तो उचलतं. आयबीएमने 1993 मध्ये आणलेलं एमक्यूसिरीज नावाचं मिडलवेअर हेच करायचं. आयबीएम एमक्यू या नावाने ते आजही चालू आहे.

गोम पुढे आहे. समजा, अकाउंट्सने मेसेज वाचला, बिल केलं आणि पोच देण्याआधीच ते बंद पडलं. क्यूच्या हिशेबी मेसेज पोचलेलाच नाही, म्हणून ती पुन्हा देते. एका ऑर्डरची दोन बिलं! यावर बरेचजण मिडलवेअरचं सेटिंग शोधत बसतात. उपाय घेणाऱ्याकडे असतो: मेसेजचा आयडी बिलाबरोबर, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही) नोंदवायचा आणि तोच परत आला तर सोडून द्यायचा.

काही मेसेज मुळातच खराब असतात. संख्येच्या जागी अक्षरं आली की वाचणारा कोलमडतो, मेसेज परत क्यूत, पुन्हा तेच. म्हणून ठरावीक प्रयत्नांनंतर असे मेसेज डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे न पचलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, टाकतात. ती उभारतात सगळे, उघडून बघत कुणी नाही. नवं काम हाती आलं की मी आधी तीच उघडते.

‘आता काफ्का आहे ना?’ हा उपप्रश्नही येतोच. काफ्का हेही मेसेज साठवून पोचवणारं सॉफ्टवेअर; 2011 मध्ये लिंक्डइनने ते ओपन सोर्स केलं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला केला. त्यात वाचलेला मेसेज लगेच जात नाही. मुदत बदलली नाही तर सात दिवस राहतो, त्यामुळे उशिरा जोडलेली सिस्टीमही मागचं वाचू शकते. सोय मोठी आहे. पण कुठवर वाचलं याची खूण बिल करण्याआधी ठेवायची की नंतर, हे तिथेही तुम्हालाच ठरवावं लागतं. आधी ठेवली तर बिल राहून जाऊ शकतं, नंतर ठेवली तर दोनदा होऊ शकतं.