नारळाची वाटी, तिथी आणि माझे बारा किलो

बाजारात कोणी भेटलं की हल्ली पहिला प्रश्न हाच असतो, अगो केवढी बारीक झालीस, भात सोडलास ना? नाही सोडला. गुहागरात राहून भात सोडायचा म्हणजे जेवायचं तरी काय, दोन्ही वेळा खाते, आमटी-भात, कुळथाचं पिठलं, रविवारी आंबोळ्या, सगळं खाते. तरी ७८.४ वरून ६६.१ वर आलेय आणि त्याला चौदा महिने लागले. चौदा महिने हे आधीच सांगतेय कारण महिन्याभरात होतं असं कोणाला वाटू नये.

सुरुवात झाली ती २०२४ च्या फेब्रुवारीत, चिपळूणला तपासणी केली तेव्हा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी, ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, डॉक्टरांनी नीट समजावलं. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, माझी ९६ भरली. परतीच्या एसटीत मला एकच दिसत होतं, बाबांचा पाय. डायबेटिसमुळे त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं, ड्रेसिंग मी करायचे रोज. तेव्हाच ठरवलं की माझ्या लेकीवर ही पाळी यायला नको.

पहिली चूक म्हणजे पैसे भरून एक ऑनलाइन डाएट चार्ट घेतला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट आणि दिवसाला हजार कॅलरी. ब्रोकोली इथे मिळते कुठे, आणि मिळाली तरी आमची घरगुती खानावळ आहे, रोज दहा-बारा पानं असतात, माझ्यासाठी वेगळं शिजवायला हात कुठून आणू. तरी तीन आठवडे रेटलं आणि एके दिवशी विळीवर नारळ खवताना डोळ्यापुढे अंधारी आली. थोडक्यात बोट वाचलं. तो चार्ट त्या दिवशी बंद केला.

मग लेकीनं पुण्याहून फोनवर कॅलरी मोजायचं ॲप टाकून दिलं आणि म्हणाली, आई, आधी काहीच कमी करू नकोस, पंधरा दिवस फक्त लिही. लिहायला बसले तर पहिल्याच दिवशी अडलं. आपण म्हणतो नारळाची एक वाटी, म्हणजे अर्धा नारळ, आणि ॲपला वाटी म्हणजे भाजी-आमटीची वाटी. हे दोन्ही एक कसं होणार? शेवटी काजूगर मोजायचा छोटा वजनकाटा होता तो ओट्यावर आणला, आमच्या वाडीतला एक मध्यम नारळ फोडला, खवला आणि सगळा चव, म्हणजे खवलेलं खोबरं, ताटलीत घालून काट्यावर ठेवला. २२० ग्रॅम. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे कॅलरी, म्हणजे एका नारळाला पावणेआठशे. आणि आमच्याकडे चार माणसांत रोज एक नारळ सहज, भाजीवर, आमटीत, चटणीत, कोशिंबिरीत, वर पोह्यांवर पेरायला. माणशी दोनशे कॅलरी नुसत्या खोबऱ्याच्या, आणि मी चौदा वर्षं मनात म्हणत होते की मी काही तेलकट खात नाही. तेलाची पळी पण मोजली, आमची पळी १८ ग्रॅमची निघाली, म्हणजे एका पळीला एकशेसाठ.

यावरून घरात थोडं दुखावणंही झालं, तेही लिहिते. सासूबाईंना अन्न काट्यावर ठेवलेलं अजिबात आवडलं नाही. अन्न मोजू नये गो, बरकत जाते, असं म्हणाल्या आणि दोन दिवस धड बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांच्या हाताखालीच मी सगळं शिकलेय. मग एका संध्याकाळी त्या भाताचं आधण ठेवत होत्या आणि मी नुसती बघत उभी होते. डब्यात हात घातला, माणशी दीड मूठ, चार माणसांच्या सहा मुठी, आणि वर एक मूठ आल्यागेल्याची. मी म्हटलं, आई, तुम्ही मोजताच आहात की. त्या थांबल्या. मग आतून जुनं चिपटं, मापटं काढून आणलं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर हे सगळं मला सांगत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचीच मूठ काट्यावर ओतली, त्यांनीच ओतली, ४० ग्रॅम तांदूळ. दीड मूठ म्हणजे ६० ग्रॅम, दोनशे दहा कॅलरी. तेव्हापासून माझा भात त्यांच्या मुठीनं मोजला जातो, काटा लागत नाही. आधी मी माझ्यासाठी किती घ्यायचे? अडीच मुठींच्या वर.

खरा घोटाळा भातातही नव्हता. पानं वाढून झाली की पातेल्यात राहिलेलं टाकवत नाही, दोन घास भाजी, तळाशी राहिलेली खीर, पर्यटकांच्या मुलांनी अर्धा सोडलेला मोदक. हे जेवणात धरतच नव्हते मी. आमच्या मापाचा उकडीचा मोदक मोजला तर सारण आणि उकड मिळून एकशेसाठच्या आसपास, तूप वेगळं. आता उरलेलं गडीमाणसांना जातं किंवा संध्याकाळच्या थालीपिठात जातं, आणि मला मोदक खायचा असेल तर पानात घेऊन, वर तूप घालून, बसून खाते. मे महिन्यात आंबे पण खाल्ले. एका मध्यम हापूसचा गर दीडशे ग्रॅम धरला तर शंभरच्या आतच कॅलरी, आंब्याला उगाच बदनाम करतात, साखर घातलेला रस आणि आंबापोळी ही वेगळी गोष्ट.

चालण्याचं मात्र मला मनापासून सांगायचंय. वाडीच्या मागची कवाडी उघडली की सुरूची झाडं आणि पुढे समुद्र, पाच-सहा किलोमीटर सरळ किनारा, आणि इतकी वर्षं मी तिथे फक्त पाहुण्यांना दाखवायला जायचे. पहिल्या आठवड्यात कोरड्या वाळूतून चालले आणि टाच अशी धरली की सकाळी पाय टेकवेना. कोरडी भुसभुशीत वाळू पाय ओढते, टाच आत जाते. चालायचं ते ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. आता ओहोटी कधी, तर त्याला ॲप लागत नाही, आमच्या इथे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, सकाळी पाणी वर आलेलं, चालायला घट्ट वाळू नाही, त्या दिवशी रस्त्यानं जायचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराला, म्हणजे पहाटे साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी, किनारा एवढा रुंद आणि कडक होतो की चालत राहावंसंच वाटतं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथीच्या चौकोनातच वजन आणि चाललेली मिनिटं लिहिते. २० मिनिटांपासून सुरुवात केली, आता तासभर, पाच किलोमीटर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, ते तीन दिवसांतच होतात.

पण नुसत्या चालण्यानं वजन उतरेल असं धरू नका हं. पाच किलोमीटरला माझ्या वजनाला अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे दीड मोदक. वजन उतरलं ते लिहिण्यानं. चालण्यानं झोप लागायला लागली, गुडघे मोकळे झाले, आणि दुपारी चारला जे काहीतरी तोंडात टाकावंसं वाटायचं ते गेलं.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला, पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, शेवाळलेली, तेव्हा ओटीपासून माजघरातून मागच्या पडवीपर्यंत आणि परत, एक फेरी ८४ पावलं. कंटाळा आला की व्याडेश्वराला प्रदक्षिणा. मध्ये ७१ वर सात आठवडे काटा हललाच नाही, रडू यायचं, मग वही उलटून बघितली तर लोणचं-पापडाच्या दिवसांनंतर वजन वर आणि पाळीच्या आधी वर, म्हणून रोजचा आकडा बघणं सोडलं, आठवड्याची सरासरी काढायला लागले. ती हळूहळू उतरत होती.

गेल्या तपासणीत एचबीएवनसी ५.६ आला. रिपोर्ट हातात घेऊन मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले होते, बाबांना सांगावंसं वाटलं.

उद्या द्वितीया. भरती दीडला, म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी, असगोलीच्या बाजूला जाऊन यायचंय. आई मघाशी म्हणाल्या, मी पण येते सुरूपर्यंत, माझ्या चपला बाहेर काढून ठेव.